सावडीबाहेरचा सर

"पण मग गाव येत का नाही, बाबा?"

सोमगीरबाबांना घोंगडीला ठिगळ लावायचं होतं आणि सुईत दोरा जात नव्हता. त्यांनी सुई रोहिदासपुढं धरली.

"तुझे डोळे तरणे हायेत. ओव."

रोहिदासनं दोरा ओवून दिला. बाबा शिवायला लागले. प्रश्न होता तिथंच राहिला.

घाटमाथ्यावरचं ते महादेवाचं जुनं देऊळ. बाबा तिथले गोसावी. किती वर्षांपासून आहेत, ते गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नसे. खाली उंबरखोंड गाव. घरं थोडी, उतार फार. गावाच्या डोक्यावर हिरड्याचं रान. त्या हिरड्यावरच गावाचं मीठमिरची आणि लग्नकार्य चालायचं.

आदल्या साली वणव्यानं निम्मं रान खाल्लं होतं.

म्हणून तर रोहिदास आला होता. डोंगरातल्या गावांनी आपली कामं आपणच उभी करावीत, यासाठी एक संस्था तरुणांना फेलोशिप द्यायची. वर्षभर गावात राहायचं, गावाच्या बरोबरीनं काम करायचं. अट एकच. काम गावाचं झालं पाहिजे, फेलोचं नाही. तसं दिसलं तर दुसरं वर्ष. नाही दिसलं तर गाशा गुंडाळायचा.

आणि ते बघायला संस्थेच्या शैलजाताई याच महिन्यात येणार होत्या.

"मी काय कमी केलं, सांगा," रोहिदास म्हणाला. "रानाच्या कडेनं गवत कापून मोकळा पट्टा काढायचाय. आग आली तर तिथं थांबेल. सभा घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सांगितलं, हे काम माझं नाही, तुमचं आहे. तुम्हीच ठरवा, तुम्हीच करा."

"मग?"

"मग काय! मी एकटाच कोयता घेऊन उभा. अजूनही एकटाच. शिमगा तोंडावर आलाय, गवत वाळून कडकडीत झालंय."

बाबांनी टाका घातला.

"आणि असं नाही की मी त्यांच्या उपयोगी पडत नाही," रोहिदासचा आवाज चढला. "ज्याच्या ज्याच्या घरची पडकई निघाली, तिथं मी गेलो."

पडकई म्हणजे त्या डोंगरातली जुनी रीत. उतारावर दगडांची ताल, म्हणजे आडवा बांध, रचायची, मागं माती भरायची आणि भातापुरतं सपाट खाचर काढायचं. एका घराचं काम नव्हे ते. आज तुझ्याकडं सगळे, उद्या माझ्याकडं सगळे. जो आला त्याच्याकडं आपण जायचं. हीच सावड. पैसा कुणी कुणाला देत नाही. ज्याचं काम, त्यानं जेवू घालायचं.

"दगड वाहिले," रोहिदास म्हणाला. "हाताची सालपटं निघाली. एकाही घराला नाही म्हटलं नाही."

"जेवलास त्यांच्यात?"

रोहिदास ताठ बसला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा, अशी त्याची कधीपासून इच्छा होती.

"नाही, बाबा! एक घास नाही. मला फेलोशिप मिळते. त्यांच्या कणगीत काय असतं, मी बघतो ना. त्यांच्या पोटातलं मी कसं खाऊ? माझा डबा मी बरोबर नेतो, लांब झाडाखाली बसतो, खातो, परत कामाला लागतो. माझ्या वडिलांनी निघताना एकच सांगितलं होतं, कुणाच्या चहाचाही मिंधा होऊ नकोस."

वडील तालुक्याच्या गावी शाळामास्तर. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस. मुलगाही तसाच निपजला होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. चांगल्या गोष्टीचा अभिमान फार चिवट असतो. वाईट गोष्टीचा निदान लपवावा तरी लागतो.

बाबा शाबासकी देतील, म्हणून तो थांबला.

बाबांनी घोंगडी बाजूला ठेवली.

"आजचा डबा आणलायस?"

"हो."

"बघू."

रोहिदासनं फडकं सोडलं. चपात्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. त्यानं ते बाबांपुढं सरकवलं. म्हटलं, अर्धी खातील, अर्धी देतील.

बाबांनी पहिली चपाती खाल्ली. सावकाश. मग दुसरी. चटणी बोटानं पुसून घेतली. शेवटची चपाती भाजीसकट गुंडाळली, तेव्हा रोहिदासला वाटलं, ही आपली.

ती बाबांनी देवळाच्या कुत्र्याला घातली.

मग गूळ तोंडात टाकला, वर पाणी प्याले, आणि समाधानानं ढेकर दिला.

"भाजीत मीठ कमी हुतं."

रोहिदास बघतच राहिला.

"बाबा… माझा प्रश्न…"

"उपाशी हाईस ना?"

"हो."

"मग जा खाली."

आणि बाबांनी पुन्हा घोंगडी मांडीवर ओढली.

*

उतरताना रोहिदासच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. कसला साधू! दुसऱ्याचा डबा चापून वर मिठाची खोड काढतो. एवढी चढण चढून गेलो, ती काय कुत्र्याला चपाती घालायला? वाटेत ठेच लागली, तर तीही त्यानं बाबांच्याच नावावर मांडली.

हौसाबाई गभाले यांच्या उतारावर त्या दिवशी पडकई होती. शब्द दिला होता म्हणून तो गेला. नवरा वारल्यावर या बाईनं एकटीच्या बळावर घर धरलं होतं. तिची जीभ तिखट, आणि हात तिच्या जिभेहून झपाट्याचा. सगळा गाव तिच्या खाचरात उतरला होता. कुणी पहारीनं दगड उकरत होतं, कुणी ताल रचत होतं, बाया पाट्यांनी माती ओढत होत्या. थट्टामस्करी चालली होती.

"या सर," कुणीतरी म्हणालं, आणि थट्टा थोडी खाली बसली.

हे नेहमीचंच होतं. रोहिदासला वाटायचं, हा आदर आहे.

तो दगड उचलायला लागला. दुपारपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागले. डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्यानं दात खाऊन आणखी एक दगड तालीवर नेऊन ठेवला.

मग हौसाबाईनं हाक घातली आणि सगळे आंब्याच्या सावलीला गोळा झाले. पितळ्या मांडल्या गेल्या. नाचणीच्या भाकरी, हुलग्याचं कालवण, खुरासणीची चटणी. चुलीचा वास वाऱ्यावर पसरला.

रोहिदास सवयीनं लांबच्या ऐनाच्या झाडाखाली जाऊन बसला.

बसला खरा, पण पुढं सोडायला फडकं नव्हतं. खोली ओढ्यापलीकडं. तिथं जाऊन चूल पेटवायची, तर परत येईपर्यंत काम संपलेलं असेल.

इकडं कुणी बघत नव्हतं. सर जेवतात तेव्हा तिकडं बघायचं नाही, हे गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मिंधा होऊ नकोस… वडिलांचा आवाज कानात होता. पोटात मात्र दुसराच आवाज होता, आणि तो मोठा होता.

रोहिदास उठला. आंब्याखाली आला. उभा राहिला. काय म्हणावं, ते सुचेना. सभेत तासभर बोलणारा माणूस, पण दोन शब्दांना अडला.

"मावशी… भाकरी आहे का?"

हौसाबाईनं वर पाहिलं.

"कुणाला?"

"मला. आज डबा नाही."

सगळ्यांचे हात थांबले. कुणाचा घास हातात राहिला, कुणाचा तोंडात. भिकाजी लोहकरेनं पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

हौसाबाईनं भाकरी घेतली, मोडली, कालवण वाढलं, कांदा फोडला. पितळी त्याच्यापुढं ठेवली, आणि मग पदरानं डोळे पुसले. धूर तर केव्हाच विरला होता.

"आमाला वाटलं," ती म्हणाली, "आमच्या हातचं तुमाला चालत न्हाई."

रोहिदासच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"नाही हो, मावशी! तसं कधीच… मला वाटलं, तुमच्यावर कशाला ओझं."

"भाकरीचं?" हौसाबाई म्हणाली. "माझ्या रानात माणूस राबलं आन् उपाशी गेलं, त्याचं ओझं न्हाई व्हय? रातच्याला डोळा लागत न्हवता मपला."

"मावशी म्हणती ते खरं हाय," भिकाजी म्हणाला. "तुमचा मेळच लागत न्हवता. मजूर म्हणावं तर मजुरी घेत न्हाई. सोयरा म्हणावं तर जेवत न्हाई. तुमाला धरावं कशात?"

रोहिदासनं मान खाली घातली आणि घास घेतला. कालवण इतकं तिखट होतं की नाकातून पाणी आलं. ते बघून पहिल्यांदा एक बाई हसली, मग दुसरी हसली, आणि मग सगळ्या सावलीत हशा पिकला.

"आरं, पानी पी," हौसाबाई म्हणाली. "दमानं. आनखी घे भाकर."

आरं. घे. रोहिदासच्या ध्यानात आलं. ‘तुम्ही’ गेलं होतं. ‘सर’ गेला होता. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं न मागता आणखी एक भाकरी घेतली.

जेवणं उरकली. तंबाखू निघाली. हौसाबाईनं खरकटं आवरता आवरता विचारलं,

"तुपलं काम कधी हाय?"

"कुठलं?"

"तेच. हिरड्याच्या कडंचं. पट्ट्याचं."

रोहिदासच्या ओठांवर पाठ केलेलं वाक्य तयार होतं. ते माझं नाही, मावशी, तुमचंच आहे… कितीदा म्हटलं होतं त्यानं ते. सभेत, पारावर, चावडीत. म्हणताना किती नम्र वाटायचं.

आत्ता पोट भरलेलं होतं. वाक्य बाहेर येईना.

"परवा," तो म्हणाला. "एकट्याला उरकत नाही मला. याल का?"

"मंग इतके दिस का न्हाई म्हनलास?"

"येतो की," भिकाजी म्हणाला. "जेवान काय घालतोस?"

रोहिदासनं डोकं खाजवलं.

"खिचडी येते मला."

"एवढीच?"

"एवढीच."

त्यावर जो हशा झाला, तो पलीकडच्या वाडीपर्यंत गेला असेल.

*

परवा सगळे आले. कोयते आले, विळे आले, आणि ज्यांच्या अंगात काम उरलं नव्हतं ते सूचना द्यायला आले. सभेतल्या माना डोलावणाऱ्यांपैकी एकही मागं राहिला नाही. दोन माणसं आडवी निजतील एवढ्या रुंदीचा पट्टा कड्याच्या दिशेनं सरकायला लागला. रोहिदासनं एकट्यानं जेवढं कापलं होतं, ते गावानं न्याहारीच्या आधीच मागं टाकलं.

खिचडी करपली. तळाची तर कोळसाच झाली. लोकांनी ती नावं ठेवत खाल्ली, आणि पातेलं रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी काम कड्याला भिडत आलं होतं. भर दुपारी पंगत बसायच्या बेतात, आणि शैलजाताई गाडीवाट संपते तिथून चालत वर आल्या. घामाघूम झाल्या होत्या. एवढी माणसं बघून त्यांचा चेहरा उजळला.

रोहिदासचा जीव भांड्यात पडला. आता ताईंनी फक्त विचारायचं आणि गावानं सांगायचं.

ताईंनी विचारलंच.

"काका, हे काम कुणाचं?"

"रोह्याचं," भिकाजी म्हणाला.

रोहिदासचा चेहरा पडला. त्यानं ताईंच्या मागून भिकाजीला खूण केली. भिकाजीला वाटलं, माशी हाकलतोय.

"रोहिदासचं? गावाचं नाही?"

"न्हाई न्हाई. त्याचंच. पडकई त्याची हाय."

ताईंनी बाकीच्यांकडं पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. यावेळी मात्र अगदी मनापासून.

झालं. वर्षाची मेहनत पाण्यात. रोहिदासनं कोयता खाली ठेवला. आपणच बोलावलं, आपणच खिचडी घातली, आता कुणाला बोल लावायचा?

"अच्छा," ताई म्हणाल्या. आवाज थोडा थंड झाला होता. "मग उद्या रोहिदास गेला तर काय?"

"जाईल कसा?" हौसाबाई पुढं झाली. "आमची सावड फेडायची हाय त्याला."

"पण तो तर तुमच्या सगळ्यांकडं राबला म्हणे."

"ते धरायचं न्हाई."

"का?"

"तवा तो जेवला न्हवता."

हौसाबाई थांबणाऱ्यातली नव्हती.

"आन् तो जरी गेला, तरी ह्यो पट्टा दर साली कापावा लागतोय. त्यानं न्हाई तर मी बोलवंल. मपली पडकई म्हनून. माझ्याकडं न येऊन सांगत्यात कुनाला? सगळ्यांच्यात राबलीया मी."

"आन् हौसाबाईनं न्हाई तर मी," भिकाजी म्हणाला. "पर माझ्यात कोंबडं कापीन. खिचडी न्हाई."

शैलजाताईंनी हौसाबाईकडं पाहिलं, मग कड्यापर्यंत गेलेल्या पट्ट्याकडं पाहिलं, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आलं. कामं पाहत डोंगर पालथे घातलेली बाई होती ती. एवढं कळायला तिला वेळ लागला नाही.

"दुसरं वर्ष घे रे बाबा," त्या रोहिदासला म्हणाल्या. "तुला तसंही हे सोडणार नाहीत."

रोहिदासला हसावं की रडावं ते कळेना. त्यानं दोन्ही केलं.

हौसाबाईनं ताईंपुढं पितळी मांडली.

"नको नको, मावशी," ताई घाईनं म्हणाल्या. "तुम्हाला कशाला त्रास. माझा डबा आहे गाडीत."

सगळा गाव रोहिदासकडं बघून असा हसला की ताई गोंधळून गेल्या.

"ताई," रोहिदास म्हणाला, "आजही करपलीय. पण जेवा."

पुढं फाल्गुनात वणवा आला. खालच्या अंगानं, घाटातून, वाऱ्यावर स्वार होऊन आला. सगळं गाव ओल्या फांद्या घेऊन पट्ट्यावर उभं राहिलं. आग पट्ट्यापर्यंत आली, इकडून तिकडून वाट शोधली, फुसफुसली आणि बसली. सकाळी हिरड्याचं रान होतं तसं उभं होतं. बायका पाट्या घेऊन कोवळा बाळहिरडा गोळा करायला निघाल्या.

*

शिमगा झाल्यावर रोहिदास देवळात गेला.

बाबा पायरीवर ऊन खात बसले होते. त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. तो आपला आपण बसला, आणि सगळं सांगितलं. भाकरी, खिचडी, ताई, वणवा. सांगताना त्याला पुन्हा सगळ्याचा आनंद झाला.

बाबा ऐकत होते, की डुलक्या घेत होते, कळत नव्हतं.

"आता एक पक्कं ठरवलंय, बाबा," रोहिदास शेवटी म्हणाला. "पाऊस लागायच्या आत सगळ्यांची सावड फेडणार. घरोघरी जाणार, राबणार, जेवणारसुद्धा. पण कुणाचं म्हणून अंगावर ठेवणार नाही."

बाबांनी डोळे उघडले.

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"हौसाबाईचीबी?"

"तिची तर सगळ्यात आधी."

खाली उंबरखोंडात कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. बाबांनी तिकडं कान दिला.

"तिची तेवढी राहू दे."